नासी लेमाक: मलेशियातील सकाळच्या भाताविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी, शिक्षण किंवा प्रवासाच्या निमित्ताने मलेशियात जाणाऱ्या मराठी मंडळींना पहिल्याच सकाळी ज्या पदार्थाची गाठ पडते, त्याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. हा भात महाराष्ट्रातील स्वयंपाकघरात करून पाहू इच्छिणाऱ्यांसाठीही शेवटी सविस्तर माहिती आहे.

नासी लेमाक म्हणजे नेमके काय?

नारळाच्या दुधात शिजवलेला भात आणि त्यासोबत सांबाल नावाची तिखट, आंबट, किंचित गोड अशी शिजवलेली चटणी, हा या पदार्थाचा गाभा आहे. त्याला इकान बिलिस नावाच्या लहान सुक्या माशांची कुरकुरीत तळण, शेंगदाणे, काकडीच्या चकत्या आणि उकडलेले किंवा तळलेले अंडे यांची जोड असते. भातात पांदानची पाने गाठ मारून टाकतात, अनेक घरांत आल्याचे दोन-चार काप घालतात आणि चवीपुरते मीठ घालतात. फोडणी, हळद किंवा खडा मसाला त्यात नसतो. आपल्या नारळीभाताशी त्याचे साम्य नारळापुरतेच आहे, कारण हा भात गोड नसतो. त्याचा स्निग्ध सौम्यपणा आणि सांबालाचा तिखटपणा हे एकमेकांसाठीच केलेले असल्याने केवळ भात चाखून त्याविषयी मत बनवणे योग्य नाही.

हा पदार्थ सकाळीच का खातात?

शेतात किंवा समुद्रावर दिवस काढणाऱ्या माणसाला पहाटे पोटभर आणि दीर्घकाळ ऊर्जा देणारे अन्न लागत असे. भात, नारळ, सुके मासे आणि शेंगदाणे या सर्व गोष्टी मलय द्वीपकल्पातील साध्या घरात सहज मिळणाऱ्या होत्या आणि केळीच्या पानात बांधलेली पुडी कामावर नेता येत असे. हे कारण सर्वजण सांगतात आणि ते पटण्यासारखेही आहे.

माझ्या मते दुसरे कारणही तितकेच महत्त्वाचे आहे. नारळाच्या दुधातील भात उष्ण आणि दमट हवेत लवकर आंबतो. विक्रेते मध्यरात्रीनंतर उठून भात शिजवतात, पहाटेच्या अंधारात पुड्या बांधतात आणि उजाडण्याच्या सुमारास रस्त्याच्या कडेला मेज मांडतात. दुपारपर्यंत माल संपला पाहिजे, हा त्या व्यवसायाचा हिशेबच आहे. सकाळी सात वाजता उघडलेल्या पुडीत केळीच्या पानाचा वास भातात नुकता उतरलेला असतो आणि शेंगदाण्यांचा कुरकुरीतपणा टिकलेला असतो. मामाक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, तमिळ मुस्लीम समाजाने चालवलेल्या भोजनालयांत हा भात रात्रीही मिळतो आणि लोक तो आवडीने खातात. तरीही पहिली ओळख सकाळीच करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

हा पदार्थ किती जुना आहे आणि त्याला राष्ट्रीय पदार्थ का म्हणतात?

ब्रिटिश प्रशासक आणि मलय भाषेचे अभ्यासक रिचर्ड विन्स्टेड यांनी 1909 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखनात या भाताचा उल्लेख केला आहे. पदार्थ अर्थातच त्याहून जुना असणार, कारण लोक जे रोज खातात त्याची नोंद लिहिणारे नेहमीच उशिरा करतात.

मलेशियाने नासी लेमाकला आपल्या राष्ट्रीय वारशातील खाद्यपदार्थांमध्ये स्थान दिले आहे. डिसेंबर 2024 मध्ये पॅराग्वेमधील असुन्सिओन येथे झालेल्या बैठकीत युनेस्कोने मलेशियातील न्याहारीच्या संस्कृतीचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. युनेस्कोने एखाद्या पदार्थाला मान दिलेला नाही. मलय, चिनी आणि भारतीय वंशाचे लोक सकाळी एकाच छपराखाली, शेजारच्या मेजांवर बसून नासी लेमाक, रोटी चानाय नावाची पापुद्र्यांची रोटी आणि तेह तारिक नावाचा फेसाळ चहा यांचा आस्वाद घेतात, त्या रीतीला हा मान आहे. नासी लेमाक मूळचा मलय समाजाचा. पण आज चिनी कोपीतियाममध्ये, म्हणजे कॉफीच्या दुकानात, तमिळ मुस्लीम भोजनालयात आणि कार्यालयाखालच्या टपरीवर तो सारखाच हक्काने मिळतो. राष्ट्रीय पदार्थ हे बिरुद त्याला शोभते ते यामुळे.

भाताला जो मंद सुगंध येतो तो कशाचा?

तो पांदानच्या पानांचा असतो. ही वनस्पती आपल्या केवड्याच्या कुळातील आहे, परंतु केवड्याचा सुगंध कणसात असतो, तर पांदानचा पानात. आंबेमोहोर किंवा बासमती शिजताना जो वास दरवळतो, त्याला कारणीभूत असलेले सुगंधी द्रव्यच पांदानच्या पानांतही असते. त्यामुळे मराठी माणसाला हा भात परका वाटत नाही. नाकाला ओळखीचा आणि जिभेला नवा असा तो अनुभव असतो. भारतात काही ठिकाणी हे झाड अन्नपूर्णा या नावाने ओळखले जाते आणि कुंडीत सहज वाढते.

सांबाल कसे करतात? प्रत्येक ठिकाणी त्याची चव वेगळी का लागते?

सांबाल हा या ताटाचा कस आहे. एखाद्या विक्रेत्याचे नाव होते किंवा बुडते ते सांबालावरच, आणि म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देणे आवश्यक आहे.

सुक्या लाल मिरच्या बिया काढून गरम पाण्यात भिजवतात आणि लहान कांदे व लसूण यांच्यासोबत बारीक वाटतात. हे वाटण भरपूर तेलात, मंद आचेवर, सतत ढवळत परततात. मिरचीचा कच्चा उग्रपणा जाऊन रंग गडद होईपर्यंत आणि वाटणातून तेल वेगळे होऊन वर येईपर्यंत ते शिजवावे लागते. या टप्प्याला मलय भाषेत ‘पचाह मिन्याक’ म्हणतात आणि आपण ‘तेल सुटले’ म्हणतो ती हीच अवस्था. घाईत केलेले सांबाल घशाला लागते आणि पोटालाही बाधते. तेल सुटल्यानंतर चिंचेचा कोळ, मीठ आणि गुला मेलाका म्हणजे माडाच्या नीरेपासून केलेला गूळ घालतात. मग उभा चिरलेला कांदा आणि बहुतेक वेळा थोडे इकान बिलिस घालून पुन्हा शिजवतात.

यातील सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे बलाचान. अगदी लहान कोळंबीला मीठ लावून, उन्हात वाळवून, कुटून आणि आंबवून तिच्या घट्ट वड्या करतात. मलाक्का आणि पेनांग ही त्यासाठी नावाजलेली ठिकाणे आहेत. ही कोळंबी आपल्या कोकण किनाऱ्यावरील जवळ्याच्याच जातकुळीची असते. आपण जवळा नुसता वाळवतो, तेथे तो आंबवतात, एवढाच फरक. बलाचान वापरण्यापूर्वी भाजतात. त्या वेळी येणारा दर्प तीव्र असतो, परंतु शिजल्यानंतर तो खोल, भरदार चवीत मुरतो.

चवीतील फरक गुळाचे प्रमाण, मिरचीची जात, कांदा किती शिजवला आणि बलाचान किती घातले यांवरून पडतो. काही विक्रेते हल्ली सांबाल इतके गोड करतात की ते मुरंब्याकडे झुकते. ग्राहकांना तसे आवडते हे खरे; पण भातातील नारळाला स्वतःचा गोडवा असताना सांबालाने तिखट आणि आंबट असणेच योग्य आहे, असे मला ठामपणे वाटते.

गोव्यातील बालशांवचा आणि बलाचानचा काही संबंध आहे का?

पोर्तुगीजांनी अफोंसो द आल्बुकर्क याच्या नेतृत्वाखाली 1510 मध्ये गोवा आणि 1511 मध्ये मलाक्का जिंकले. 1641 मध्ये डचांनी मलाक्का घेईपर्यंत ही दोन्ही बंदरे एकाच सत्तेच्या आणि एकाच व्यापारमार्गाच्या दोन टोकांना होती. गोव्यातील बालशांव, म्हणजे मिरची आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेली कोळंबी, याच मार्गाने मलाक्काहून आलेल्या बलाचानच्या कल्पनेतून घडली, असे मानले जाते. सांबालातील मिरचीही आशियातील मूळची नाही. अमेरिका खंडातून तिला या भागात आणण्यात पोर्तुगीज जहाजांचा वाटा मोठा होता. म्हणून गोव्यातील माणसाला सांबालाची चव पहिल्या घासातच जवळची वाटली, तर त्यात नवल नाही.

पहिल्यांदा खाताना काय मागवावे?

साधी पुडी घ्यावी. तिला ‘नासी लेमाक बुंगकुस’ म्हणतात. केळीच्या पानावर मूठभर भात, त्यावर चमचाभर सांबाल, थोडे इकान बिलिस, शेंगदाणे, काकडी आणि अर्धे उकडलेले अंडे ठेवून वरून तपकिरी कागद गुंडाळतात आणि त्रिकोणी आकाराची पुडी बांधतात. टपरीवर अशी पुडी साधारणपणे दोन-तीन रिंगिटांत (रिंगिट हे मलेशियाचे चलन) मिळते; मोठ्या शहरांत किंमत अधिक असू शकते.

ताटात वाढलेल्या नासी लेमाकसोबत पुष्कळ पदार्थ घेता येतात. मसाला लावून तळलेले कोंबडीचे मांस म्हणजे आयाम गोरेंग बरेम्पाह, नारळात आटवलेले रेंदांग, सांबालातील माकूल म्हणजे सोतोंग, कालवणात घातलेले करांग नावाचे शिंपले हे सर्व उत्तम असतात. पेटालिंग जायामधील व्हिलेज पार्क हे उपाहारगृह तर तळलेल्या कोंबडीसाठीच प्रसिद्ध आहे आणि तेथे सकाळी रांग असते. हे सर्व जरूर खावे. परंतु पहिल्याच दिवशी मोठा तळलेला तुकडा ताटात घेतला की सारे लक्ष त्याकडे जाते आणि भात व सांबाल यांची जुगलबंदी ऐकूच येत नाही. साध्या पुडीत लपायला जागा नसते. भात सुटा, मऊ आणि सुवासिक आहे का, सांबाल पूर्ण शिजले आहे का, हे तिच्यात तत्काळ कळते.

उजव्या हाताने खाल्ले तरी चालते. चमचा आणि काटाही मिळतो. सर्व एकदम कालवू नये. प्रत्येक घासात थोडा भात, थोडे सांबाल, एखादा शेंगदाणा आणि एखादा मासा यावा, आणि तिखट वाढले की काकडी खावी. सोबत तेह तारिक, म्हणजे उंचावरून ओतून फेसाळ केलेला आटीव दुधाचा चहा, किंवा कोपी ओ म्हणजे साखर घातलेली काळी कॉफी घेतात. तेह तारिक बराच गोड असतो. मला या भातासोबत कोपी ओ अधिक योग्य वाटते.

शाकाहारी व्यक्तींना हा पदार्थ खाता येईल का?

भात निश्चितपणे शाकाहारी असतो, सांबाल मात्र बहुधा नसते. बलाचान आणि इकान बिलिस सांबालातच शिजवलेले असल्याने वरचे मासे बाजूला काढून ठेवल्याने प्रश्न सुटत नाही, आणि याच गोष्टीत अनेक प्रवासी फसतात. बलाचान डोळ्यांना दिसत नाही आणि अनेक विक्रेत्यांच्या लेखी ते मासळीत मोजलेही जात नाही. म्हणून ‘मांस नको’ एवढे सांगणे पुरेसे नाही. ‘तक् माकान इकान, तक् माकान उदांग, तक् माकान बलाचान’, म्हणजे मासे, कोळंबी आणि बलाचान खात नाही, असे स्पष्ट सांगावे.

चिनी बौद्ध परंपरेतील शाकाहारी भोजनालये मलेशियातील बहुतेक शहरांत आहेत आणि तेथे बलाचानविना सांबाल, सोयाचे तुकडे व तळलेले मशरूम यांसह उत्तम नासी लेमाक मिळतो. तेथे कांदा-लसूणही वर्ज्य असल्याने ही ठिकाणे काटेकोर शाकाहार पाळणाऱ्यांच्या अधिक उपयोगाची आहेत. अंडे खात नसल्यास तेही आधी सांगावे. शेंगदाणे किंवा कोळंबी यांची ॲलर्जी असलेल्यांनी टपरीवरील पुडी टाळलेलीच बरी, कारण त्यातील काही वेगळे काढणे शक्य नसते.

गोमांस टाळायचे असल्यास काय लक्षात ठेवावे?

साध्या पुडीत गोमांस नसते. रेंदांग मात्र अनेकदा गोमांसाचे असते. ‘दागिंग’ हा शब्द ऐकू आला की ते गोमांस समजावे आणि त्याऐवजी ‘आयाम’, म्हणजे कोंबडी, मागावी. ‘पारू’ म्हणून कुरकुरीत काप ठेवलेले असतात, ते गाईच्या फुफ्फुसाचे असतात. मलय आणि मामाक ठिकाणी अन्न हलाल असते व डुकराचे मांस नसते. काही चिनी दुकानांत ते असू शकते.

सर्व मलेशियात हा भात सारखाच असतो का?

नाही. मलाक्कात त्यासोबत कांगकोंग ही पालेभाजी देण्याची रीत आहे. केदाह राज्यात पिवळा भात आणि त्यावर निरनिराळ्या रश्शांचे मिश्रण अशी पद्धत दिसते. सिंगापूरमध्येही नासी लेमाक घरोघरी आपला मानला जातो, आणि जकार्ताच्या बेतावी समाजाचा नासी उदुक हा त्याचा जवळचा आप्त आहे.

पूर्व किनाऱ्यावरील केलांतान आणि तेरेंगानू या राज्यांत मात्र सकाळचा मान इतर दोन भातांकडे जातो. नासी दागांग हा चिकट तांदूळ मिसळून, नारळाच्या दुधासह वाफवलेला भात असून त्यात मेथीदाणे असतात आणि सोबत तोंगकोल नावाच्या कुपा जातीच्या माशाचे कालवण असते. नासी केराबू निळा असतो. तो रंग गोकर्णीच्या फुलांचा असतो आणि त्यासोबत बारीक चिरलेल्या कच्च्या पालेभाज्या, भाजून वाटलेले खोबरे आणि बुदू नावाचे आंबवलेल्या माशांचे पाणी देतात. पूर्व किनाऱ्यावर गेल्यास हट्टाने नासी लेमाक शोधू नये. तेथे या दोन भातांचीच सकाळ असते.

तो कोठे आणि किती वाजता खावा?

क्वालालंपूरमध्ये कांपुंग बारू ही जुनी मलय वस्ती या भातासाठी प्रसिद्ध आहे. ब्रिटिश काळात, 1900 च्या सुमारास मलय लोकांसाठी राखून ठेवलेल्या या भागात आजही लाकडी घरे आणि त्यामागे उंच मनोरे एकाच नजरेत येतात. तेथील नासी लेमाक अंताराबांगसा हे ठिकाण अनेकांना ठाऊक असते. परंतु खरे तर कोणत्याही गावात सकाळी सात ते नऊच्या दरम्यान ज्या टपरीपुढे कामावर निघालेले लोक थांबतात, तेथे थांबावे. पुड्यांचा ढीग झपाट्याने कमी होत असेल तर माल ताजा आहे, असे समजावे.

रमजानच्या महिन्यात मुस्लीम विक्रेत्यांच्या टपऱ्या सकाळी बंद असतात. त्या काळात चिनी आणि भारतीय दुकानांत सकाळी, तर रमजानच्या बाजारात संध्याकाळी हा भात मिळू शकतो. रोजा पाळणाऱ्यांसमोर रस्त्यावर उभे राहून खाणे टाळावे.

हा पदार्थ प्रकृतीला जड नाही का?

नारळाच्या दुधातील स्निग्धांश आणि सांबालातील तेल पाहता तो हलका आहार नाही, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील टाइम नियतकालिकाने 2016 मध्ये जगभरातील आरोग्यदायी न्याहाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव घेतले, तेव्हा मलेशियातही अनेकांना आश्चर्य वाटले. माझे मत असे आहे की लहान पुडी आणि मोठे ताट यांत फरक केला पाहिजे. मूठभर भात, अर्धे अंडे, थोडे मासे आणि शेंगदाणे ही पुरेशी आणि समाधान देणारी न्याहारी आहे. दुप्पट भात, तळलेली कोंबडी आणि गोड चहा हे रोज घेण्यासारखे नाही. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला मानावा.

महाराष्ट्रात घरी हा भात कसा करता येईल?

जवळजवळ सर्व साहित्य आपल्याकडे मिळते. तांदूळ जुना कोलम घ्यावा. आंबेमोहोर सुवासिक असला तरी चिकट होतो. दोन वाट्या तांदूळ धुऊन वीस मिनिटे भिजवावेत आणि निथळावेत. एका नारळाचा घट्ट रस एक वाटी काढून बाजूला ठेवावा आणि त्याच चोथ्याचा पातळ रस दोन वाट्या काढावा. जाड बुडाच्या पातेल्यात तांदूळ, पातळ रस, गाठ मारलेली दोन-तीन पांदानची पाने, आल्याचे काप आणि मीठ घालून झाकण ठेवून मंद आचेवर शिजवावे. पाणी आटत आले की घट्ट रस वरून ओतावा, काट्याने हलकेच मिसळावा आणि दहा-पंधरा मिनिटे अगदी मंद वाफ द्यावी. घट्ट रस सुरुवातीलाच घातल्यास तो तळाशी लागतो व वरचा भात कच्चा राहतो. प्रेशर कुकर वापरू नये, कारण भात गिच्च होतो. पांदान न मिळाल्यास भात पांदानविना करावा. केवड्याचे पाणी घालू नये, त्याचा वास सांबालाशी जमत नाही.

सांबालासाठी रंगाला वीसेक ब्याडगी आणि तिखटपणाला चार-पाच लवंगी मिरच्या घ्याव्यात. बलाचानऐवजी मोठा चमचाभर सुका जवळा कोरडा भाजून मिरची, एक कांदा आणि पाच-सहा लसूण पाकळ्यांसोबत वाटावा. आंबवलेल्या चवीची खोली त्याला येत नाही, पण समुद्राचा स्वाद येतो. अर्धी वाटी तेलात हे वाटण किमान अर्धा तास परतावे, मग चिंचेचा कोळ, मीठ आणि गूळ घालावा. गोव्यातील माडाचा गूळ मिळाल्यास तोच वापरावा, कारण गुला मेलाकाचा तो सख्खा भाऊ आहे. इकान बिलिसऐवजी लहान सुकी मांदेली चांगली चालते. तीही त्याच गटातील मासळी आहे. ती धुऊन, पूर्ण कोरडी करून तळावी. केळीचे पान विस्तवावर शेकून मऊ करावे, म्हणजे घडी घालताना फाटत नाही, आणि भात गरम असतानाच पुडी बांधावी.

उरलेला भात दुसऱ्या दिवशी चालतो का?

ओट्यावर ठेवलेला भात दुपारनंतर खाऊ नये. उरणार असे दिसताच तो पसरट भांड्यात लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून चांगली वाफ येईपर्यंत गरम करावा. आंबूस वास आला किंवा भाताला तार सुटली असल्यास तो टाकून द्यावा. सांबाल मात्र वरपर्यंत तेल असल्यास काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये आठवडाभर चांगले राहते आणि दुसऱ्या दिवशी अधिक मुरते. म्हणून सांबाल आदल्या संध्याकाळी करून ठेवावे आणि सकाळी फक्त भात शिजवावा.